मेजाखालचा चुरा : कनानी बाईची प्रार्थना कशी वाचायची, कशी करायची

सोरची_वाट (धागाकर्ती)

मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय १५, ओव्या २१ ते २८. उपासनेत हा उतारा आला की प्रवचन ठरलेलं असतं. बाईनं धीर सोडला नाही, तुम्हीही सोडू नका, आमेन. या आठ ओव्यांत त्याहून बरंच काही आहे आणि ‘चिकाटी’ हा एक शब्द त्यावर झाकणासारखा बसलाय असं मला वाटतं. म्हणून हा धागा. अभ्यासगट चालवणाऱ्यांनी, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करणाऱ्यांनी, ग्रीक येणाऱ्यांनी आणि शंका असणाऱ्यांनीही लिहावं. विनंती एकच, ‘मला असा अनुभव आला’ प्रकारच्या साक्षी इथे नकोत. त्यासाठी वेगळा धागा आहे.

आधी प्रसंग. येशू गालील सोडून सोर आणि सीदोनच्या प्रदेशात जातो, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्याकडे. तिथली एक बाई ओरडत मागे लागते. मत्तय तिला कनानी म्हणतो. हा जुन्या करारातला शब्द आहे आणि तो ऐकताच यहुदी वाचकाला शत्रूच आठवणार. मार्क (७:२४-३०) तिला ग्रीक, जन्मानं सुरफुनीकी म्हणतो. तिच्या मुलीला भूतबाधा आहे.

आता तिला काय काय अडवतं ते बघा. पहिल्यांदा येशू एका शब्दानंही उत्तर देत नाही. मग शिष्य म्हणतात, हिला घालवून द्या, ही मागून ओरडत येते. मग येशू म्हणतो की मला इस्राएलाच्या घराण्यातल्या हरवलेल्या मेंढरांकडेच पाठवलंय. शेवटी भाकरीचं वाक्य येतं. मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नाही.

या सगळ्यात ती तीनदा बोलते. कशी? सुरुवातीला तिची विनंती लांबलचक आहे. पदवीसकट हाक (‘प्रभो, दाविदाच्या पुत्रा’), दयेची याचना, मुलीची हकिकत. दुसऱ्या वेळी ती पुढे येऊन पाया पडते आणि मूळ ग्रीकमध्ये फक्त तीन शब्द बोलते. कुरिए, बोएथेई मोई. प्रभो, मला मदत करा. तिसऱ्या वेळी तर ती नवं काही मागतच नाही. त्याचंच वाक्य उचलते आणि त्यातच स्वतःची जागा दाखवते. कुत्रीसुद्धा धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात. मग येशू म्हणतो, बाई, तुझा विश्वास मोठा, आणि त्याच घटकेला मुलगी बरी होते.

म्हणजे नकार येत जातो तसतशी तिची प्रार्थना लहान होते आणि ती स्वतः जवळ येते. आवाज चढत नाही. आपण बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो. उत्तर आलं नाही की शब्द वाढवतो, आवाज वाढवतो, माणसं वाढवतो. माझा मुद्दा इतकाच. पुढचं तुम्ही लिहा.

---

ग्रीक_गल्ली

चांगली सुरुवात. तीन गोष्टींची भर घालतो.

एक, कुत्र्यांसाठीचा शब्द. मूळ शब्द ‘कुनारिया’, लघुत्ववाचक. रस्त्यावरच्या कुत्र्याला ‘कुऑन’ म्हणतात. त्यावरून प्रवचनात सांगतात की येशू प्रेमानं ‘पिल्लू’ म्हणाला. इतकं गोड करू नका. त्या काळच्या बोलीभाषेत लघुत्ववाचक रूपं सरसकट वापरात होती आणि त्यांतला लाडिकपणा बराच झिजलेला होता. या रूपानं एवढंच कळतं की चित्र घरातलं आहे, मेजाशेजारी वावरणाऱ्या कुत्र्यांचं. अपमानाची धार कमी होते, जात नाही. आणि बाईनं पकडलं ते नेमकं हे घरातलं चित्रच. कुत्रं घरातलं असेल तर मेज त्याचंही धन्याचंच आहे.

दोन, मार्कमधला एक शब्द मत्तयात नाही. तिथे येशू म्हणतो, आधी मुलांना तृप्त होऊ दे. जिथे ‘आधी’ आहे तिथे ‘नंतर’ही आहे. हे तिनं ऐकलं. आपल्याला ‘थांब’ म्हटलं तरी ‘नाही’च ऐकू येतं.

तीन, भाकरीचं राजकारण. प्रेषितांची कृत्ये १२:२० काढा. सोर आणि सीदोनच्या लोकांचं पोट हेरोद राजाच्या मुलखातल्या धान्यावर चालत असे, असं तिथे सरळ लिहिलंय. म्हणजे एरवी गालीलकडचं धान्य श्रीमंत सोरकडे जायचं. त्या भागातल्या बाईसमोर ‘मुलांची भाकर’ म्हणण्याला पोटाचा संदर्भ आहे. शिवाय याच्या आधीच्या अध्यायात पाच हजारांना जेवण घालून १२ टोपल्या उरल्यात आणि या प्रसंगानंतर लगेच चार हजार जेवून ७ टोपल्या उरतात. दोन्ही बाजूंना उरलेली भाकर आहे आणि मध्ये ही चुरा मागतेय.

---

शंकेखोर

माझा प्रश्न बाळबोध वाटेल. मत्तय ६:८ म्हणतो की मागायच्या आधीच पित्याला तुमची गरज माहीत असते. त्याच्या वरची ओवी म्हणते की परराष्ट्रीयांसारखी बडबड करू नका, पुष्कळ बोलल्यानं ऐकलं जातं असं त्यांना वाटतं. मग तोच येशू लूक ११ आणि १८ मध्ये ‘मागत राहा’ असं का शिकवतो? आणि रोझरीत (जपमाळेच्या प्रार्थनेत) ५३ वेळा तीच प्रार्थना म्हणणारे या ओवीचं काय करतात?

---

सोरची_वाट

बाळबोध नाही, गटात हाच प्रश्न पहिला येतो. ६:७ मधला शब्द ‘बत्तालोगेओ’, अर्थशून्य बरळणं असा त्याचा रोख. बंदी बडबडीवर आहे, पुन्हा मागण्यावर नाही. पुरावा त्याच शुभवर्तमानात आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द बोलून प्रार्थना करतो (२६:४४).

फरक नीट पाहायचा तर १ राजे, अध्याय १८ उघडा. एकाच अध्यायात, एकाच डोंगरावर दोन्ही प्रकार आहेत. बआल या परक्या दैवताचे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत ओरडतात, नाचतात, अंगावर सुऱ्या मारून घेतात. तीही चिकाटीच! पुढे पावसासाठी देवाचा संदेष्टा एलीया गुडघ्यांत डोकं घालून बसतो आणि चाकराला समुद्राकडे बघायला पाठवतो. एकदा नाही, सात वेळा. सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसतो. आता अध्यायाची पहिली ओवी वाचा. पाऊस पाडीन हे वचन देवानं एलीयाला आधीच दिलंय. एलीया देवाचं मन वळवायला बसलेला नाही, मिळालेल्या वचनाला धरून बसलाय. आणि प्रत्येक खेपेला चाकराला बघायला पाठवतोय. मागायचं आणि बघायचंच नाही, ही आपली नेहमीची चूक.

रोझरीचं उत्तर वसईकरांनी द्यावं.

---

पापडीचा_घाट

हजर आहे :)

रोझरीचा हिशोब असा. पाच दशकं, प्रत्येकात दहा ‘नमो मारिया’, सुरुवातीला तीन, मिळून ५३. ‘आमच्या स्वर्गातील बापा’ सहा वेळा. सावकाश म्हटली तर १८ ते २० मिनिटं लागतात. दहा मिनिटांत संपत असेल तर शंकेखोर बरोबर आहेत, ती बडबडच. तोंडानं शब्द चालू असताना मन त्या दशकाच्या रहस्यावर, म्हणजे येशूच्या आयुष्यातल्या एका प्रसंगावर, ठेवायचं असतं. शब्द म्हणजे तालासारखे, गाणं दुसरीकडे चाललेलं असतं. रहस्य जाहीर केल्यावर लगेच ‘बापा’ सुरू करू नये, दोन श्वास थांबावं. बहुतेक घरांत नेमकं हेच गळतं, कारण मोठ्यानं म्हणणाऱ्याला पुढची ओळ गाठायची घाई असते.

नोव्हेनेचं मूळही सांगतो. येशूचं स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस) यांच्या मधले नऊ दिवस. प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये शिष्य, स्त्रिया आणि मरिया एकचित्तानं प्रार्थनेत राहतात. ते ज्याची वाट पाहत होते ते द्यायचं आधीच कबूल झालं होतं. एलीयाचंच गणित.

काय बिघडतं :

– एक दिवस चुकला की लोक घाबरून पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तसा काही नियम नाही. दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा.
– ‘ही नोव्हेना कधीही निष्फळ होत नाही, नऊ जणांना पाठवा’ असे निरोप. हा मंत्रतंत्राचा बाजार आहे, चर्चची शिकवण नाही. पुढे पाठवू नका.
– नऊ दिवसांत नऊ वेगळ्या मागण्या. एकच धरा.

---

बाणगंगा

नोव्हेना आणि नवस यांत फरक काय, हेही कुणीतरी सांगा. बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय, मेणाची घरं वाहतात. माहीमच्या चर्चला बुधवारी नोव्हेनेसाठी तीच गर्दी. ख्रिस्ती नसलेलेही रांगेत असतात.

---

पापडीचा_घाट

मेणबत्ती किंवा मेणाचा पाय वाहण्यात गैर नाही, ती न बोलता केलेली विनंती आहे. हा पाय बघ, हाच दुखतोय. गैर कधी होतं, तर ‘तू हे दे, मग मी ते देईन’ असा सौदा मनात असला की. बायबलमध्ये नवस आहेत. हन्नानं केला (१ शमुवेल १:११). इफ्ताहानंही केला आणि घोळ करून ठेवला (शास्ते ११). हन्नानं मुलगा मागितला आणि तोच देवाला परत द्यायचं कबूल केलं. इफ्ताहानं जिंकण्याची किंमत म्हणून घरातून पहिलं जे बाहेर येईल ते लावलं आणि मुलगीच बाहेर आली. नवस करायची हौस असेल तर आधी हे दोन्ही अध्याय एका बैठकीत वाचा.

कनानी बाईनं काही देऊ केलं का? नाही. तिच्याकडे देण्यासारखं काही नाही आणि ते ती लपवतही नाही.

---

जकातनाका

आता लूक १८. कुणी काढलं नाही याचं नवल वाटलं. पहिल्या आठ ओव्यांत विधवा आणि अन्यायी न्यायाधीश. नवव्या ओवीपासून मंदिरात प्रार्थनेला आलेले दोघं, परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोकांनी पापी ठरवलेला करवसुलीवाला). लूकनं हे दोन दाखले पाठीला पाठ लावून ठेवलेत आणि ते एकत्रच वाचायला हवेत. पहिल्यात मागत राहणं, दुसऱ्यात कसं उभं राहून मागायचं ते. एकटा पहिला वाचला की माणूस हट्टी होतो. एकटा दुसरा वाचला की मान खाली घालून घरी जातो आणि मागायचंच विसरतो.

विधवेबद्दल : न्यायाधीश वैतागून म्हणतो की ही सारखी येऊन मला बेजार करील. त्यासाठीचा शब्द ‘हुपोपियाझो’, शब्दशः डोळ्याखाली ठोसा मारणं, मुष्टियुद्धातला. प्रेषित पौल हाच शब्द स्वतःच्या शरीराबद्दल वापरतो (१ करिंथ ९:२७). म्हणजे विनोद आहे. ज्याला ना देवाची भीती ना माणसाची लाज, त्याला एक विधवा डोळा सुजवील म्हणून धास्ती. पण लक्षात ठेवा, देव या न्यायाधीशासारखा आहे असं दाखला म्हणत नाही. ‘असा माणूससुद्धा न्याय देतो, तर देव किती अधिक’ असा तो युक्तिवाद आहे. हे निसटलं की ‘देवाला त्रास देत राहा, कंटाळून देईल’ असं शिकवलं जातं. लूक ११ मध्ये मध्यरात्री मित्राचं दार ठोठावणाऱ्याचं तेच. तो तीन भाकरी मागतो, त्याही स्वतःसाठी नाही, पाहुण्यासाठी. तिथला शब्द ‘अनाइदेइया’, सरळ मराठीत निलाजरेपणा.

परूशाबद्दल : आठवड्यातून दोनदा उपास आणि सगळ्या उत्पन्नाचा दशांश. नियमशास्त्रात ठरवून दिलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. म्हणजे हा गृहस्थ मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त देतोय. त्याचं खोटं काहीच नाही. चूक एवढीच की त्याच्या प्रार्थनेत विनंती नाही. पुन्हा वाचा, त्यानं काहीही मागितलेलं नाही! आभार आहेत, तेही शेजाऱ्याकडे तिरका डोळा ठेवून. जकातदार दूर उभा, डोळे खाली, छाती पिटून एकच वाक्य बोलतो.

जाता जाता : ‘दिदाखे’ हा फार जुना ख्रिस्ती ग्रंथ आठव्या प्रकरणात सांगतो की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलले. तिरका डोळा बदलला की नाही, ज्यानंत्यानं तपासावं. त्याच प्रकरणात प्रभूची प्रार्थना (‘आमच्या स्वर्गातील बापा’) दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलीय, ते मात्र आजही सहज जमण्यासारखं आहे.

---

बाणगंगा

विनंती नाही! हे कधी लक्षातच आलं नव्हतं. _/\_

---

निळी_शाई

नम्रतेबद्दल थोडं कडक लिहिते, कारण या उताऱ्याचा सगळ्यात जास्त गैरवापर तिथेच होतो.

‘बाईनं स्वतःला कुत्रं म्हणवून घेतलं, तूही नमतं घे.’ मार खाणाऱ्या सुनेला हे सांगितलं जातं. उताऱ्यात असं काही नाही. ती वाद घालते. शुभवर्तमानांत येशूशी बोलताना शेवटचा मुद्दा जिंकून जाणारी हीच, आणि येशू त्यासाठीच तिची वाखाणणी करतो. मार्कमध्ये तर स्पष्ट आहे, ‘या तुझ्या बोलण्यामुळे’ जा. तिची नम्रता म्हणजे आपला हक्क नाही हे कबूल करणं. आपली किंमत नाही हे कबूल करणं नव्हे. शिवाय ती दयाळू माणसासमोर नमतेय, मारणाऱ्यासमोर नाही. घरात मारहाण असेल तर गटप्रमुखानं प्रार्थना करावी आणि १८१ हा महिला मदतीचा क्रमांकही द्यावा. यातलं एक केलं की दुसऱ्यातून सुटका होत नाही.

दुसरा गैरवापर आजारपणाचा. ‘तुझा विश्वास मोठा’ या वाक्याचा उलटा अर्थ लावून, बरं न झालेल्याचा विश्वास लहान ठरवतात. लक्षात घ्या, या गोष्टीत मुलीच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही. विश्वास आईचा, बरी झाली मुलगी. आजाऱ्याकडे विश्वासाचा दाखला मागायचा अधिकार कुणालाच नाही. आणि फेफरं येणाऱ्या मुलांच्या गोळ्या ‘आता विश्वासानं बंद करू’ म्हणून थांबवणं तर थेट जिवावरचं. त्या गोळ्या अचानक तोडल्या तर झटके एकामागून एक येत राहतात, थांबत नाहीत. ज्या सभेत असं सांगतात तिथून उठून यावं.

---

सोरची_वाट

निळी_शाई, पूर्ण सहमत. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

आता गटासाठी. ४५ मिनिटांची बैठक, ६ ते १० जण. जास्त झाले तर दोन गट करा, नाहीतर तिघंच बोलतात.

पहिली ५ मिनिटं शांत बसायचं, गाणं नको. मग उतारा दोनदा वाचायचा. पहिल्यांदा मत्तय, चार आवाजांत : निवेदक, बाई, शिष्य (दोघं मिळून), येशू. तेविसाव्या ओवीत ‘त्यानं उत्तर दिलं नाही’ इथे निवेदकानं थांबायचं. पूर्ण २० सेकंद. सगळ्या बैठकीचा कणा हाच आहे. लोक चुळबुळतात, कुणीतरी खाकरतं, नवख्या गटात कुणाला वाटतं की वाचणाऱ्याची ओळ हरवली. गटप्रमुखाला तर बोलल्याशिवाय राहवत नाही. राहवायचं. मग शिष्यांचा आवाज आला की त्यांची कटकट किती ओळखीची आहे ते आपोआप कळतं.

दुसऱ्यांदा मार्क, एकाच आवाजात. फरक शोधायला ५ मिनिटं.

मग कागद-पेन्सिल, १० मिनिटं. प्रत्येकानं आपली एकच विनंती तीन मापांत लिहायची. पहिली हवी तेवढी लांब, हकिकतीसकट. दुसरी फक्त तीन-चार शब्दांत. तिसरी देवाच्या एखाद्या वचनाचा आधार घेऊन : ‘तू असं म्हटलंस, म्हणून मागतो.’ तिसरी सगळ्यांना अवघड जाते. ज्यांना वचन आठवत नाही त्यांना स्तोत्रसंहिता उघडून द्या, ३४ किंवा १३०. दुसरी लिहिताना डोळे भरतात, त्यावर भाष्य करू नका.

उरलेला वेळ प्रार्थना. कागद वाचून दाखवायची सक्ती नाही. दुसऱ्यासाठी विनंती असेल तर नाव आणि निदान न सांगता मागायचं. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणून सुरू झालेलं वाक्य गल्लीभर पोचतं, हे सांगायला नको.

नेहमी बिघडतं ते एकच. गटप्रमुख येशूच्या शांततेचं स्पष्टीकरण देऊन टाकतो. ‘तो तिची परीक्षा पाहत होता.’ मजकुरात परीक्षा हा शब्द नाही. ते वीस सेकंद पुसून टाकू नका.

---

शंभर_गाठी

एकट्यानं करणाऱ्यांसाठी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची ‘येशूची प्रार्थना’. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ तिचा शेवट जकातदाराचा आणि हाक बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याची (मार्क १०:४७), तोही गप्प बसवणाऱ्यांना न जुमानणारा. दोरीला ३३, ५० किंवा १०० गाठी असतात. एका वेळेला ६-७ सेकंद धरले तर शंभर गाठी १० ते १२ मिनिटांत होतात.

पहिला अर्धा भाग श्वास घेताना, दुसरा सोडताना. श्वास ओढूनताणून लांबवू नका, चक्कर येते. डोळ्यांसमोर चित्रं आणू नका. मन भरकटलं तर गाठ मागे नेऊ नका, तिथूनच पुढे. गाठी मोजायला नसतात, हाताला काम द्यायला असतात. सुरुवातीला ३३ पुरेत. पहिल्याच दिवशी ५०० करणारा आठव्या दिवशी दोरी खुंटीला टांगतो.

---

शंकेखोर

आणि ‘नाही’ असंच उत्तर आलं तर? कधी थांबायचं?

---

जकातनाका

बायबलमध्ये थांबलेले आहेत, त्यांच्याकडे बघा. पौलानं शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे, आणि त्यानं मागणं बंद केलं (२ करिंथ १२:८-९). दावीद राजा आजारी बाळासाठी उपाशी जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी बाळ गेलं. तो उठला, अंघोळ केली, मंदिरात गेला, मग जेवला (२ शमुवेल १२). चाकर चक्रावले. अब्राहाम सदोम शहर वाचावं म्हणून ‘तिथे इतके नीतिमान असले तर?’ असं ५०, ४५, ४०, ३०, २०, १० असा खाली येत सहा वेळा मागतो, दहावर थांबतो. आणि हे सगळं मागताना स्वतःला ‘धूळ आणि राख’ म्हणतो (उत्पत्ती १८:२७). नम्रता आणि घासाघीस एकाच तोंडात!

उलट मोनिका. मुलगा ऑगस्टीन भरकटला, ती वर्षानुवर्षं मागत राहिली. इ. स. ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये अँब्रोझनं त्याला बाप्तिस्मा दिला आणि त्याच वर्षी ती ओस्तियाला वारली. तिला ‘नाही’ असं उत्तर आलं नव्हतं, उत्तरच आलं नव्हतं. थांबायचं ते उत्तर आल्यावर. गप्प राहणं म्हणजे उत्तर नव्हे. कनानी बाईनं हा फरक केला.

व्यवहारात : एक वही, चार रकाने. तारीख, विनंती, कुठलं वचन धरलं, काय दिसलं. चौथा रकाना महिन्यातून एकदाच भरा. रोज भरला तर बी रुजलं का बघायला रोज माती उकरण्यासारखं होतं. विनंती बदलत गेली तर जुनी खोडू नका, खाली नवी लिहा. सहा महिन्यांनी त्या ओळी खालीवर वाचल्या की कळतं, मागणं लहान होत गेलंय की लांब.

---

ग्रीक_गल्ली

एक गंमत राहिली. येशूनं मत्तयात ज्यांच्या विश्वासाला मोठं म्हटलं ते दोघंच, ही बाई आणि कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे रोमी सैन्यातला अधिकारी (अध्याय ८). दोघंही परराष्ट्रीय. दोघंही दुसऱ्यासाठी मागतात. दोघांचाही रुग्ण दूर असतानाच बरा होतो. आणि दोघांचंही बोलणं प्रभुभोजनाच्या विधीत जाऊन बसलंय. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तशरीर घेण्याआधी ‘तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही’ म्हणतात, ते शताधिपतीचं. अँग्लिकन परंपरेत १५४८ सालापासून ‘तुझ्या मेजाखालचा चुरा वेचायचीही आमची लायकी नाही’ अशी प्रार्थना आहे, इंग्लंडच्या आर्चबिशप क्रॅन्मरची. हा चुरा या बाईचा. त्या परंपरेतल्या इथल्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाल्या.

मात्र क्रॅन्मरनं एक उलटापालट केलीय. बाई म्हणाली की चुरा मिळतोच. तो म्हणतो, चुऱ्याचीही लायकी नाही. पण त्याच प्रार्थनेत पुढे ‘तुझा स्वभाव सदैव दया करण्याचा’ असं येतं, तिथे तो पुन्हा तिच्या बाजूला येतो.

---

निळी_शाई

मराठी कानाला यात एक गोष्ट वेगळी लागते. आपल्याकडे देवाशी भांडायची सवय जुनी. विठूमाउलीशी वारकरी लेकरू होऊन भांडतो, आणि लेकराचा हट्ट आई पुरवते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणाऱ्या ना. वा. टिळकांच्या अभंगांतही तो सूर आहे. ही बाई तसं भांडू शकत नाही. लेकराची जागा तिला नाकारलीच गेलीय. ती मेजाखालून बोलते. म्हणून गटात हा उतारा घेताना ‘आपण देवाची लेकरं’ हे गाणं शेवटी ठेवा, सुरुवातीला नको.

---

शंकेखोर

रविवारी आमच्या गटात करून बघणार आहोत. ते २० सेकंद कसे मोजायचे? मोबाईलवर लावू?

---

सोरची_वाट

मोबाईल नको, बीप वाजला की सगळे हसतात. निवेदकानं मनात प्रभूची प्रार्थना सावकाश ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ इथपर्यंत म्हणायची. साधारण तेवढाच वेळ होतो. आणि शिष्यांची वाक्यं वाचणाऱ्या दोघांना आधीच सांगून ठेवा, निवेदकानं मान वर केल्याशिवाय सुरू करायचं नाही.